जपानहून आलेली गाडी घेताना

न्यूझीलंडमध्ये नव्याने आलेल्या मराठी कुटुंबाची पहिली मोठी खरेदी म्हणजे गाडी, आणि ती गाडी बहुतेक वेळा जपानमध्ये कुणीतरी वापरलेली असते. इथे मोटारींचे कारखाने उरलेले नाहीत. आयातकर उठला आणि १९९८ मध्ये गाड्या जोडण्याचं उरलंसुरलं कामही थांबलं. जपानमध्येही वाहनं डाव्या बाजूने चालतात, स्टिअरिंग उजवीकडे असतं, त्यामुळे तिथली जुनी गाडी इथे सहज चालते. टोयोटा अ‍ॅक्वा, होंडा फिट, माझदा डेमिओ, निसान लीफ ही नावं इथल्या प्रत्येक गल्लीत दिसतात. भारतात परदेशातून जुनी गाडी आणणं कडक अटी आणि जबर करांमुळे सामान्यांच्या विचारातही नसतं. त्यामुळे तिकडून येणाऱ्या माणसाला हा व्यवहार सर्वस्वी नवा असतो. माझ्यावर जे गुदरलं ते तुमच्यावर गुदरू नये, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

मी हॅमिल्टनमध्ये परिचारिका आहे. रात्रपाळीच्या वेळांना बस नसते, म्हणून नोकरी लागताच गाडी घेणं भाग होतं. ऑकलंडच्या एका यार्डात एक जपानी हॅचबॅक आवडली. मीटरवर किलोमीटर कमी, आतबाहेर लख्ख, वॉरंट ऑफ फिटनेस, म्हणजे इथला सुरक्षा-तपासणीचा दाखला, ताजं. विक्रेत्याने सांगितलं की जपानमध्ये ही एकाच मालकाकडे होती आणि अपघात कधीच झालेला नाही. जपानमधल्या लिलावात गाडीची नोंद झालेला कागद मागितला तर ‘तो आमच्याकडे येत नाही’ असं उत्तर मिळालं. काही महिने गाडी नीट चालली. मग एकदा हायवेवर बॉम्बे हिल्सच्या चढाला इंजिन नुसतं ओरडू लागलं आणि वेग मात्र उतरत गेला. मागे मालवाहू ट्रक होता, मागच्या सीटवर माझी मुलगी होती. कशीबशी गाडी कडेला घेतली.

मेकॅनिकने दोन गोष्टी दाखवल्या. सीव्हीटी, म्हणजे पायऱ्या नसलेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, आतून झिजला होता. आणि गाडी लिफ्टवर चढवल्यावर पुढच्या सांगाड्यावर जुन्या वेल्डिंगचे सांधे स्पष्ट दिसत होते. चासिस नंबरवरून जपानी लिलावाचे जुने कागद शोधून देणाऱ्या सेवा आहेत. तशा एका सेवेकडून आमच्या गाडीचा कागद मागवला. श्रेणीच्या चौकटीत ‘आर’ लिहिलेलं होतं, म्हणजे अपघातानंतर दुरुस्त केलेली गाडी.

हा कागद, ज्याला सगळे ऑक्शन शीट म्हणतात, तो नीट समजून घ्या. जपानमध्ये नव्या गाडीची पहिली सक्तीची तपासणी तीन वर्षांनी होते आणि नंतर दर दोन वर्षांनी. तिला शाकेन म्हणतात. तपासणी, सक्तीचा विमा, गाडीच्या वजनावरचा कर असा सगळा खर्च एकदम अंगावर येतो आणि तेरा वर्षांनंतर कर आणखी वाढतो. त्यामुळे धडधाकट गाड्याही मालक काढून टाकतात आणि त्या लिलावात जातात. तिथला तपासनीस प्रत्येक गाडी पाहून एका पानावर तिची नोंद करतो. साडेचार किंवा चार श्रेणी चांगली, साडेतीन म्हणजे वापराच्या खुणा बऱ्यापैकी, ‘आर’ किंवा ‘आरए’ म्हणजे दुरुस्तीचा इतिहास. आतल्या भागाला ‘ए’पासून ‘डी’पर्यंत वेगळं अक्षर असतं. खाली गाडीचा आराखडा असतो आणि त्यावर खुणा: ‘ए’ म्हणजे ओरखडा, ‘यू’ म्हणजे पोचा, ‘डब्ल्यू’ म्हणजे पत्र्याची दुरुस्ती, ‘एस’ म्हणजे गंज, दोन फुल्या म्हणजे पत्रा बदललेला. शेजारी जपानीत शेरे असतात. फोनच्या कॅमेऱ्याने त्यांचं भाषांतर होतं, पण सांगाडा, गंज आणि मीटर यांबद्दलचे शेरे जपानी जाणणाऱ्या माणसाकडून एकदा वाचून घ्याच. आमच्या पेशात केसपेपर वाचल्याशिवाय रुग्णाला औषध देत नाहीत. परदेशातून आलेल्या गाडीचा केसपेपर म्हणजे हे शीट. विक्रेता ते द्यायला तयार नसेल तर स्वतः मागवा, आणि कुठूनच मिळत नसेल तर ती गाडी सोडा. तशीच दुसरी गाडी शेजारच्या यार्डात नक्की मिळते.

इथल्या कागदांवरही आंधळा विश्वास नको. व्यावसायिक विक्रेत्याला प्रत्येक जुन्या गाडीवर ग्राहक माहितीपत्रक लावावं लागतं. गाडी कुठल्या वर्षाची, परदेशात पहिली नोंदणी कधी झाली, कुठल्या देशातून आली, मीटरवर किती किलोमीटर आहेत, आयात होताना ती खराब अवस्थेत होती का, हे त्यावर असतं. यातला शेवटचा रकाना अनेकांची दिशाभूल करतो. गाडी न्यूझीलंडच्या बंदरावर उतरली तेव्हा मोडलेली दिसली, तरच तिथे तशी नोंद होते. जपानमध्येच ठोकाठोक करून, रंग मारून आलेली गाडी या चाळणीतून सुटते. आमच्या पत्रकावर त्या रकान्यात ‘नाही’ होतं, आणि नियमाप्रमाणे ते बरोबरही होतं.

वॉरंट ऑफ फिटनेसचंही तसंच. टायर, ब्रेक, दिवे, सीटबेल्ट, सांगाड्याला लागलेला गंज अशा सुरक्षिततेच्या गोष्टी तपासणीच्या दिवशी ठीक होत्या, एवढंच ते सांगतं. इंजिन, क्लच आणि गिअरबॉक्स यांची तब्येत त्यात तपासलीच जात नाही. म्हणून पैसे देण्याआधी, विक्रेत्याशी संबंध नसलेल्या मेकॅनिककडून स्वतंत्र तपासणी करून घ्या. गाडी लिफ्टवर चढवायला सांगा. होक्काइदो आणि तोहोकूच्या बर्फाळ रस्त्यांवर हिवाळ्यात मीठ टाकतात, तिथल्या गाड्या वरून चकचकीत आणि खालून गंजलेल्या असू शकतात. सीव्हीटी असेल तर त्याचं तेल कधी बदललं ते विचारा, आणि ट्रायल सपाट रस्त्यावर न घेता चढावर, इंजिन पुरतं तापल्यावर घ्या.

हायब्रिड किंवा विजेची गाडी घेणार असाल तर बॅटरी हाच सौद्याचा गाभा आहे. निसान लीफच्या बॅटरीला थंड ठेवणारी वेगळी यंत्रणा नाही, त्यामुळे वय आणि उष्णता यांनी तिची क्षमता उतरत जाते. डॅशबोर्डवरच्या बारा पट्ट्या पाहून समाधान मानू नका. गाडीला रीडर जोडून, फोनवरच्या अ‍ॅपमध्ये बॅटरीची उरलेली क्षमता टक्क्यांत पाहा आणि तुमच्या रोजच्या येण्याजाण्याशी ताडून बघा. चासिस नंबर टाकून एअरबॅगचा रिकॉलही तपासा. ताकाता कंपनीच्या सदोष एअरबॅगमुळे जगभर माणसं दगावली, आणि त्यातल्या सर्वांत धोकादायक ‘अल्फा’ प्रकारासाठी न्यूझीलंड सरकारने २०१८ मध्ये सक्तीचा रिकॉल काढला. जपानमध्ये निघालेल्या रिकॉलची चिठ्ठी तिथल्या जुन्या मालकाच्या पत्त्यावर जाते, तुमच्या घरी ती येत नाही. दुसरी किल्ली आहे का, तेही पाहा. रेडिओ मात्र किरकोळ बाब आहे. जपानचा एफएम पट्टा वेगळा असल्याने इथली बरीच स्टेशनं लागत नाहीत, पण त्यावर स्वस्तात उपाय होतो.

आता कायदा. तो तुमच्या बाजूने आहे, आणि हे आपल्या बऱ्याच लोकांना ठाऊकच नसतं. ‘नको झाली’ म्हणून गाडी परत करण्याची मुभा इथे नाही. सही केली की व्यवहार पक्का. पण व्यावसायिक विक्रेत्याकडून घरच्या वापरासाठी घेतलेल्या गाडीला १९९३ चा ग्राहक हमी कायदा लागू होतो, आणि २०१४ पासून अशा विक्रेत्याने लिलावात विकलेल्या गाडीलाही. गाडी तिच्या वयाला, किमतीला आणि धावण्याला शोभेल इतकी टिकाऊ हवी. दोष निघाला तर दुरुस्तीची जबाबदारी विक्रेत्यावर येते आणि दोष गंभीर असेल तर गाडी परत करून पैसे मागता येतात. अपघाताबद्दल खोटं सांगणं हा १९८६ च्या फेअर ट्रेडिंग कायद्याचा भंग आहे. आम्ही तक्रार नेली तेव्हा ‘तुम्ही वॉरंटी विकत घेतली नव्हती’ असं सांगून आम्हाला परत पाठवलं गेलं. अशा उत्तराने खचू नका. विकत घेतलेली वॉरंटी वेगळी आणि कायद्याने मिळालेली हमी वेगळी. ही हमी नाकारणारं कलम करारात असलं तरी घरगुती ग्राहकाविरुद्ध ते चालत नाही.

मेकॅनिकचा लेखी अहवाल, ऑक्शन शीट आणि विक्रेत्याच्या जाहिरातीचा स्क्रीनशॉट जोडून आम्ही गाडी परत करत असल्याचं लेखी कळवलं आणि मोटर व्हेईकल डिस्प्यूट्स ट्रिब्युनलमध्ये अर्ज केला. एक लाख डॉलरपर्यंतचे दावे तिथे चालतात आणि निर्णय देणाऱ्यासोबत मोटारींची जाण असलेला तज्ज्ञ बसतो. गाडीसाठी काढलेल्या कर्जाची जबाबदारीही हे ट्रिब्युनल विक्रेत्याकडे वळवू शकतं. सुनावणीआधीच विक्रेत्याने गाडी परत घेतली आणि पैसे दिले. आमच्या बाजूने बोलले ते आमचे कागद. म्हणून तोंडी काहीच ठेवू नका. फोनवर बोलणं झालं तर लगेच त्याचा मजकूर ईमेलने पाठवा.

शेवटी एक गोष्ट आपल्याच मंडळींसाठी. ओळखीतला कुणी ‘घरची गाडी आहे, स्वस्तात देतो’ म्हणतो आणि आपण संकोचाने काही विचारत नाही. खासगी विक्रीला ग्राहक हमी कायदा लागू होत नाही. गाडीवर थकलेलं कर्ज असेल तर कर्ज देणारी कंपनी ती तुमच्या दारातून उचलून नेऊ शकते, म्हणून पीपीएसआर या सरकारी नोंदवहीत गाडीचा नंबर टाकून आधी खात्री करा. बारा महिन्यांत सहाहून जास्त गाड्या विकणारा किंवा तीनहून जास्त आयात करणारा माणूस कायद्याने व्यावसायिक विक्रेता धरला जातो आणि त्याने नोंदणी करणं बंधनकारक आहे. ती यादी सर्वांना पाहता येते. ओळख कितीही जुनी असो, नाव त्या यादीत आहे का ते पाहा.

जपानहून आलेली जुनी गाडी घ्यायला काहीच हरकत नाही. परत मिळालेल्या पैशांतून आम्ही तशीच दुसरी घेतली, या वेळी शीट हातात घेऊन आणि मेकॅनिकला दाखवून, आणि ती उत्तम चालते आहे. नव्या देशात गाठीशी थोडेच पैसे असतात आणि त्या गाडीत आपली मुलं बसणार असतात. म्हणून शीट हातात आल्याशिवाय आणि गाडी लिफ्टवर चढल्याशिवाय सही करू नका. विक्रेता कितीही घाई करो, तुम्ही करू नका.