लॅपटॉप हँग होतो, फॉरमॅट मारू का?

प्रश्न : माझा सात वर्षांचा लॅपटॉप सुरू व्हायला दहा मिनिटं लावतो, मध्येच हँग होतो. दुकानदार म्हणतात, फॉरमॅट मारा. — एक शिक्षिका, सांगली

उत्तर : घाई करू नका. आधी मुलांचे निकाल, फोटो, कागदपत्रं बाहेरच्या ड्राइव्हवर उतरवून घ्या, आजच. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर मात्र कॉपी करतही बसू नका. लॅपटॉप बंद करून डेटा काढून देणाऱ्या जाणकाराकडे न्या.

मग कंट्रोल, शिफ्ट, एस्केप या तीन कळा एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. काहीच काम चालू नसताना 'डिस्क'खाली बराच वेळ 100 टक्के दिसत असेल, तर दुखणं बहुधा जुन्या हार्ड डिस्कचं. लॅपटॉपमधल्या अशा डिस्कची तबकडी सहसा मिनिटाला 5400 फेरे घेते. आजच्या विंडोजला तो वेग पुरत नाही. तिथे एसएसडी बसवा. माझ्या अनुभवात एवढा फरक दुसऱ्या कशानेच पडत नाही. 'मेमरी' सतत भरलेली असेल आणि रॅम 4 जीबीच असेल, तर 8 करा. काही मॉडेलांत ती वाढवता येत नाही, आधी विचारून घ्या. आणि लॅपटॉप गादीवर ठेवत असाल तर कृपया टेबलावर ठेवा, खालची हवेची फट बुजते.