अंतर सांगणारी दुर्बीण

लोणारच्या विवराच्या कड्यावर उभे राहा आणि समोरचा कडा किती दूर असेल याचा अंदाज बांधा. बरोबरच्या चार मित्रांनाही विचारा. चौघांची चार उत्तरे येतील. विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे, पण मध्ये नुसती पोकळी असल्याने डोळ्याला आधार सापडत नाही. एरवी आपण वाटेतली झाडे, बांध, विजेचे खांब यांच्या मदतीने नकळत अंतर ठरवीत असतो. दोन डोळ्यांतील अंतर जेमतेम साडेसहा सेंटिमीटर. तेवढ्या भांडवलावर काही मीटरपर्यंतचे काम चालते, पुढे नाही.

ही उणीव सर्वांत आधी जाणवली ती तोफखान्याला आणि शिकाऱ्याला. सेकंदाला ८०० मीटर वेगाने सुटलेली गोळी २०० मीटर जायला पाव सेकंद घेते. तेवढ्या वेळात गुरुत्वाकर्षणाने ती सुमारे ३१ सेंटिमीटर खाली येते. ३०० मीटरवर हाच आकडा ६९ सेंटिमीटर होतो (s = ½gt² हे सूत्र वापरून स्वतः पडताळा. हवेचा विरोध धरला तर घट आणखी वाढते). म्हणजे अंतर शंभर मीटरने चुकले तर नेम हातभर चुकतो, आणि जनावर मरत नाही, जखमी होऊन रानात तडफडत राहते.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली. दुर्बिणीचे काम मात्र संपले नाही. २०१९ साली यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला, गळ्यात रेडिओ पट्टा असलेला एक तरुण वाघ १,३०० किलोमीटरांहून अधिक भटकंती करीत बुलडाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. तो तेथे राहू शकेल का, हे मुख्यतः एका गोष्टीवर अवलंबून असते : त्याला पुरेसे भक्ष्य आहे का? त्यासाठी रोही, चितळ, रानडुकरे मोजावी लागतात.

मोजणारे एका ठरलेल्या सरळ रेषेत चालतात. कळप दिसला की त्याचे अंतर आणि रेषेशी होणारा कोन टिपतात. समजा, कळप १२० मीटरवर आणि कोन ३० अंश आहे. मग रेषेपासून त्याचे लंब अंतर १२० × sin ३०°, म्हणजे ६० मीटर. अशा अनेक नोंदींवरून आपण किती रुंद पट्टा खरोखर पाहिला हे ठरते आणि त्यावरून दर चौरस किलोमीटरला किती जनावरे, हे निघते. आता सगळीच अंतरे खऱ्याच्या चार-पंचमांश टिपली गेली असे धरा. पट्टा तेवढाच अरुंद ठरेल आणि जेथे ४०० चितळ आहेत तेथे कागदावर ५०० दिसतील. शंभर चितळ नुसत्या नजरेच्या चुकीतून जन्माला आले!

मग दुर्बीण कोणती घ्यावी? आधी तिच्यावर लिहिलेले ८×४० यासारखे आकडे पाहा. पहिला आकडा किती पट मोठे दिसते हे सांगतो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्याने भागले की डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशझोताची रुंदी मिळते. येथे ती ५ मिलिमीटर आहे. १०×२५ मध्ये ती अडीचच भरते. दुपारच्या उन्हात आपली बाहुली तेवढीच लहान असते, म्हणून फरक कळत नाही. पण जनावरे बाहेर पडतात पहाटे आणि तिन्हीसांजेला. तेव्हा बाहुली ६-७ मिलिमीटरपर्यंत विस्फारते आणि लहान भिंगाची दुर्बीण अंधूक दिसू लागते. दहापटीच्या दुर्बिणीत हाताचा कंपही दहापट दिसतो. पायी फिरणाऱ्याने आठपटीचीच घ्यावी, असे माझे मत.

अंतर सांगण्याच्या दोन रीती आहेत. काही दुर्बिणींत भिंगावर बारीक रेघांची पट्टी कोरलेली असते. तिच्या एका भागात १,००० मीटरवरची १ मीटर उंचीची वस्तू बसते. खांद्यापर्यंत १.३ मीटर उंच असलेला रोही पाच भाग व्यापत असेल, तर तो १.३ × १,००० ÷ ५, म्हणजे २६० मीटरवर आहे. युक्ती स्वस्त आणि सुंदर, पण तो एक मीटर उंचीचे वासरू निघाला तर? खरे अंतर २०० मीटरच! उंची आधी माहीत असली पाहिजे, हीच यातली मेख.

दुसरी रीत लेसरची. बटण दाबताच अवरक्त प्रकाशाचा क्षणिक स्पंद सुटतो, वस्तूवर आपटून परततो, आणि यंत्र लागलेला वेळ मोजते. ३०० मीटरसाठी जाऊन-येऊन २ मायक्रोसेकंद लागतात. एक मीटरचा फरक ओळखायचा तर सेकंदाचा सुमारे १५ कोटीवा भाग मोजता आला पाहिजे.

जाहिरातीतला ‘१,००० मीटर’ हा आकडा मात्र जपून वाचा. तो बहुधा चकचकीत फलकासारख्या वस्तूसाठी असतो. जनावराच्या अंगावरून प्रकाश फार कमी परततो, त्यामुळे तेथे पल्ला बराच घटतो. झोतही जाताना पसरतो, म्हणून मधल्या गवताचे अंतर मिळण्याचा धोका असतो. अशा वेळी जनावराशेजारच्या जाड बुंध्यावर नेम धरावा. घेण्यापूर्वी टेपने मोजलेल्या १०० मीटरवर यंत्र तपासावे, तेही संध्याकाळी. आणखी एक : उतारावर यंत्र तिरके अंतर दाखवते. ३० अंशांच्या उतारावर १०० मीटर दाखवले तर आडवे अंतर साडेशहाऐंशीच भरते.

यंत्र नसले तरी एक प्रयोग करता येईल. कड्यावर १०० मीटरची सरळ तळरेषा आखा. तिच्या एका टोकापाशी समोरच्या कड्यावरची जी खूण बरोबर काटकोनात दिसते, ती निवडा. ती १,८०० मीटरवर असेल तर दुसऱ्या टोकाचा कोन ८६.८ अंश येईल. कोनमापकाने एकच अंश चुकला, तर उत्तर १,३७० किंवा २,६३० मीटर! तळरेषा ५०० मीटरची घ्या, म्हणजे तीच चूक शंभर-सव्वाशे मीटरवर येते. भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा आरंभ करणारे विल्यम लॅम्टन, जे १८२३ मध्ये हिंगणघाटला वारले, तळरेषा काही किलोमीटर लांबीची घेत आणि ती मोजण्यात आठवडेच्या आठवडे घालवीत, ते याचसाठी.