'गृहीत धरणे' ते 'आगाऊपणा' : 'प्रिझ्यूम' या इंग्रजी शब्दकुळाची मराठी रूपे

अनुवाद करणाऱ्या विद्यार्थ्याला अवघड शब्दांचा फारसा त्रास होत नाही; ते तो कोशात पाहतो. त्रास होतो तो ओळखीच्या वाटणाऱ्या शब्दांचा. 'प्रिझ्यूम' हा त्यांतला एक. अनुवादाच्या उत्तरपत्रिका तपासताना मला वर्षानुवर्षे दिसत आले आहे की 'प्रिझ्यूम', 'अझ्यूम', 'सपोज' आणि 'टेक फॉर ग्रँटेड' या चारही ठिकाणी विद्यार्थी 'गृहीत धरणे' हा एकच प्रयोग वापरतात. 'प्रिझम्प्च्युअस' हे विशेषण आले की मात्र लेखणी थांबते, कारण 'गृहीत धरणारा माणूस' म्हटल्याने मराठी वाचकाला काहीच बोध होत नाही.

प्रस्तुत लेखात या शब्दकुळातील अर्थ वेगवेगळे करून प्रत्येक अर्थासाठी मराठीत आधीपासून काय उपलब्ध आहे, ते पाहायचे आहे. आमच्या हुबळी-धारवाडकडच्या वर्गांत बसणाऱ्या बहुतेकांच्या घरात मराठी, बाजारात कन्नड आणि पुस्तकात इंग्रजी असते. कन्नडचे ज्ञानपीठविजेते कवी द. रा. बेंद्रे यांची घरची भाषा मराठी होती आणि मराठीचे कथाकार जी. ए. कुलकर्णी धारवाडात इंग्रजी शिकवीत. एका शब्दाकडे तीन भाषांतून पाहणे इथे कोणाला नवे नाही. म्हणून जागोजागी कन्नडचाही दाखला घेतला आहे.

१. मुळाशी 'घेणे'

'अझ्यूम' आणि 'प्रिझ्यूम' ही दोन्ही क्रियापदे लॅटिनमधील 'सूमेरे' म्हणजे 'घेणे' या धातूवरून आली. 'अझ्यूम'मध्ये 'आपल्याकडे घेणे' आहे, तर 'प्रिझ्यूम'मध्ये 'आधीच घेणे' आहे. मराठीतील 'गृहीत' हा शब्द संस्कृत 'ग्रह्' धातूचा. त्याचा अर्थही 'घेतलेले'. 'मानून घेणे', 'समजून घेणे' या बोलीतल्या प्रयोगांतही तेच 'घेणे' आहे. कन्नडमध्ये 'मनाशी समजणे' या अर्थी 'अंदुकोळ्ळु' म्हणतात. त्यातला 'अंदु' म्हणजे 'म्हणून' आणि 'कोळ्ळु' म्हणजे 'घेणे'. जे अजून कोणी हातात दिलेले नाही ते मनाने घेऊन टाकणे, ही कल्पना या भाषांना एकाच क्रियेतून सुचली आहे.

'प्रिझ्यूम'चे शब्दशः रूप मराठीत करायचे तर ते 'पूर्वग्रह' असे होईल : पूर्व म्हणजे आधी, ग्रह म्हणजे घेणे. पण मराठीत त्या शब्दाला मनातल्या अढीचा अर्थ चिकटला आहे. व्युत्पत्ती जुळली म्हणजे अर्थ जुळतो असे नाही, हे विद्यार्थ्यांना सांगण्यासाठी याहून चांगले उदाहरण मला सापडलेले नाही.

२. आधार असलेले आणि नसलेले घेणे

'अझ्यूम' करायला पुराव्याची गरज नसते. भूमितीच्या वहीत आपण 'समजा' लिहितो, बीजगणितात 'क्ष मानू' म्हणतो, चर्चेत 'वादासाठी असे धरून चालू' म्हणतो. यातला 'धरून चालू' हा प्रयोग मला फार नेमका वाटतो. धरायचे ते पुढे चालण्यापुरते. वाट चुकली की सोडून द्यायचे.

'प्रिझ्यूम' करणाऱ्याजवळ काहीतरी आधार असतो. पूर्ण पुरावा नसतो, पण परिस्थिती तसे सुचवीत असते, आणि उलट काही पुढे येईपर्यंत ते खरे मानले जाते. 'अझ्यूम'चे आणखी काही अर्थ 'प्रिझ्यूम'ला नाहीत : पदभार स्वीकारणे, रूप धारण करणे, खोटे नाव घेणे. तेथे 'गृहीत धरणे' लिहिले तर वाक्य हास्यास्पद होते.

'टेक फॉर ग्रँटेड' ही तिसरीच गोष्ट आहे. 'तुम्ही मला गृहीत धरू नका' असे एखादी गृहिणी म्हणते तेव्हा तिची तक्रार कोणाच्या तर्काविषयी नसते. आपली संमती कोणी विचारतच नाही, हे तिचे दुःख असते. हा प्रयोग आज मराठीत इतका रुळला आहे की 'गृहीत धरणे' म्हटल्यावर अनेकांना आधी हाच अर्थ आठवतो. म्हणूनच शास्त्रात आणि कायद्यात हा शब्द वापरताना जपावे लागते.

३. न्यायालयातले गृहीत

या शब्दाचा सर्वांत काटेकोर वापर कायद्यात सापडतो. १८७२ च्या भारतीय पुरावा अधिनियमाने कलम ४ मध्ये तीन पायऱ्या आखल्या. पहिलीत न्यायालय एखादी गोष्ट गृहीत धरू शकते किंवा तिचा पुरावा मागू शकते. दुसरीत ती गोष्ट खोटी ठरेपर्यंत न्यायालयाला गृहीत धरावीच लागते. तिसरी निर्णायक पुराव्याची. तेथे विरुद्ध पुरावा देऊच दिला जात नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही, म्हणजे २०२३ च्या कायद्यातही, या तीन पायऱ्या कायम आहेत.

अनुवादकाच्या दृष्टीने पहिल्या दोन पायऱ्यांतला फरक 'शकेल' आणि 'च' एवढ्यावर उभा आहे. 'न्यायालय असे समजते' असे सैल भाषांतर केले की न्यायाधीशाची मुभा कोणती आणि बंधन कोणते, हे वाचकाला कळत नाही. सर्वोच्च न्यायालयाचे निकाल 'सुवास' या संगणकीय प्रणालीच्या साहाय्याने मराठीसह भारतीय भाषांत येऊ लागले आहेत. ते तपासणाऱ्या माणसाला हा फरक ठाऊक असला पाहिजे.

बेपत्ता माणसाचे उदाहरण घेऊ. ज्यांना स्वाभाविकपणे त्याची खबर लागली असती त्यांना सात वर्षे काहीच कळले नाही, तर तो जिवंत आहे हे सिद्ध करण्याचा भार तसे म्हणणाऱ्यावर पडतो. एरवी त्याला मृत गृहीत धरले जाते. मात्र मृत्यू नेमका कधी झाला हे गृहीत धरले जात नाही. तो परत आला तर गृहीत कोसळते. आता मराठीत 'तो मेला असे समजतात' असे लिहिले, तर ती गावातली कुजबूज वाटते. 'कायदा त्याला मृत गृहीत धरतो' असे लिहिले, तर त्याच्या पत्नीला वारसाहक्क मागण्याचा आधार कोठून मिळतो ते कळते. तिच्या मनात तो अजून जिवंत असू शकेल. कायदा तिच्या मनाविषयी काही म्हणत नाही, आणि भाषांतरानेही म्हणू नये.

निर्दोषत्वाचे गृहीत हे सर्वांना माहीत असलेले तत्त्व. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्याच्या अनुच्छेद ११ मध्ये ते आहे. दोष सिद्ध होईपर्यंत आरोपी निर्दोष, असे आपण म्हणतो, आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात 'चोरट्यास अटक' असा मथळा वाचतो. येथे 'चोरटा' या एका शब्दाने गृहीत उलटे केले आहे. 'संशयितास अटक' लिहायला जागा एका अक्षरानेच जास्त लागते. पत्रकारितेकडे वळणाऱ्या विद्यार्थ्यांना मी हे आवर्जून दाखवतो.

४. क्रियापदात लपलेले अनुमान

रोजच्या बोलण्यात मात्र 'प्रिझ्यूम'साठी मराठीला वेगळा शब्द लागत नाही. ते काम क्रियापदाचे रूप करते. पुढील तीन वाक्ये पाहा.

काका घरी असतील.
काका घरी असावेत.
काका घरी असणारच.

पहिल्यात नुसती अटकळ आहे. दुसऱ्यात दिवा लागलेला दिसला, चपला बाहेर दिसल्या, असा काही आधार आहे. तिसऱ्यात काकांच्या सवयीची खात्री आहे. 'प्रिझ्यूम' आणि 'प्रिझ्युमेबली' यांच्या सर्वांत जवळ जाते ते दुसरे वाक्य. व्याकरणात या 'असावेत'ला आपण विध्यर्थ म्हणतो. गंमत अशी की 'विद्यार्थी वेळेवर वर्गात असावा' या नियमातही हेच रूप येते. कर्तव्य आणि तर्क एकाच रूपात राहतात. कन्नडमधील 'इरबेकु' हेही तसेच : त्याचा अर्थ 'असायला हवे' असाही होतो आणि 'बहुधा असावे' असाही. आमच्या विद्यार्थ्यांना म्हणूनच हा मुद्दा चटकन पटतो.

१८७१ मध्ये टांगानिका सरोवराकाठच्या उजिजी गावी पत्रकार स्टॅन्ली याने लिव्हिंग्स्टन यांना गाठले, तेव्हा त्याने उच्चारले असे म्हणतात ते वाक्य 'प्रिझ्यूम'मुळेच प्रसिद्ध झाले. ते वर्गात भाषांतरासाठी दिले की 'मी गृहीत धरतो की आपण डॉक्टर लिव्हिंग्स्टन आहात' असे उत्तर येते. मराठी माणूस असे कधी बोलणार नाही. तो म्हणेल, 'आपण डॉक्टर लिव्हिंग्स्टनच असावेत.' यात तर्क आहे आणि अनोळखी माणसाशी बोलतानाचा संकोचही आहे.

आपल्या दर्शनशास्त्रातही ही छाननी आहे. डोंगरावर धूर दिसला, म्हणजे तेथे अग्नी आहे, हे अनुमान. धष्टपुष्ट देवदत्त दिवसा जेवत नाही, म्हणजे तो रात्री जेवत असला पाहिजे, ही अर्थापत्ती. मीमांसकांनी अर्थापत्ती हे स्वतंत्र प्रमाण मानले, नैयायिकांनी तिचा अनुमानातच समावेश केला. अनेक इंग्रजी ग्रंथांत 'अर्थापत्ती'साठी 'प्रिझम्प्शन' हाच शब्द योजला जातो. तेव्हा असा शब्द परत मराठीत आणताना तो तत्त्वज्ञानातला आहे की कायद्यातला, हे आधी पाहावे.

५. न दिलेला हक्क घेणे

आता 'प्रिझम्प्च्युअस'. येथे आधीच घेतलेली गोष्ट तर्क नसून अधिकार असतो. न विचारता सल्ला देणे, ओळख नसताना सलगी करणे, कोणाच्या चांगुलपणावर विसंबून आणखी मागत राहणे, हे सारे त्यात येते. मराठीत यासाठी 'आगाऊ' हा सुंदर शब्द आहे. 'आगाऊ रक्कम', 'आगाऊ सूचना' यांत तो 'आधी' एवढेच सांगतो. 'आगाऊ पोरगा' म्हटले की तोच शब्द मर्यादा ओलांडणाऱ्याचे वर्णन करतो. लॅटिनमधील 'आधीच घेणे' इंग्रजीत जाऊन ज्या वाटेने उद्धटपणापर्यंत पोचले, त्याच वाटेने आपला 'आगाऊ' स्वतंत्रपणे चालत गेला आहे. 'गृहीत धरणे' आणि 'आगाऊपणा' हे दोन मराठी प्रयोग मिळून 'प्रिझ्यूम'चा पूर्ण अर्थ होतो.

याच्या छटा अनेक आहेत. नको तेथे नाक खुपसणाऱ्याचा 'चोंबडेपणा', लाडाने 'शेफारणे', पात्रतेहून अधिक असलेला 'फाजील आत्मविश्वास', आपली 'पायरी सोडणे'. यांतले शेवटचे जपून वापरावे. पायरी कोणी ठरवली, हा प्रश्न त्यात दडलेला असतो. खालच्या मानल्या गेलेल्या माणसाने न्याय्य हक्क मागितला तरी वरच्याने त्याला आगाऊच म्हटले आहे. साहित्यात हा शब्द कोण कोणाला उद्देशून वापरतो, ते पाहण्यासारखे असते.

कन्नडमध्ये अशा माणसाला 'अधिकप्रसंगि' म्हणतात. मराठी-कन्नड अनुवाद करणाऱ्यांनी येथे सावध राहावे. रूपाने जवळचा 'अतिप्रसंग' हा शब्द आज मराठीत स्त्रीशी केलेल्या गैरवर्तनासाठी वापरला जातो. एखाद्या बडबड्या भाच्याबद्दलचे कन्नड वाक्य तसेच उचलले, तर त्याच्यावर भलताच आरोप होईल.

इंग्रजीत विनयाने 'मी सल्ला देण्याचे धाडस करतो' या अर्थीही 'प्रिझ्यूम' वापरतात. त्याला मराठीने 'लहान तोंडी मोठा घास' हा तयार वाक्प्रचार ठेवला आहे. तोही घेण्याचाच.

६. संशोधनातील गोंधळ

संशोधनाच्या आराखड्यात 'गृहीतके' या शीर्षकाखाली पुष्कळदा दोन वेगळ्या गोष्टी एकत्र येतात. 'निवडलेल्या कथा त्या लेखकांच्या भाषेचे प्रतिनिधित्व करतात' हे गृहीतक. अभ्यासक ते तपासणार नाही, त्यावर उभा राहणार आहे. 'सीमाभागातील मराठी कथेच्या वाक्यरचनेवर कन्नडचा प्रभाव आहे' ही परिकल्पना. ती तपासायची आहे आणि ती चुकीचीही ठरू शकते. दोन्हींना एकच नाव दिले की जे सिद्ध करायचे तेच आधी मानून घेतले जाते, आणि प्रबंध पहिल्याच पानावर संपतो. 'अझम्प्शन'साठी 'गृहीतक' आणि 'हायपॉथिसिस'साठी 'परिकल्पना' असा भेद कटाक्षाने पाळावा, असे मी सुचवीन.

समारोप

या शब्दकुळातला कोणताही शब्द समोर आला तर अनुवादकाने तीन प्रश्न विचारावेत. घेणाऱ्याजवळ काही आधार आहे का? घेतलेले पुढे खोडता येते का? आणि ते घेण्याचा अधिकार त्याला कोणी दिला? आधार नसेल तर 'समजा', 'मानू', 'धरून चालू'. आधार असून बोलणे घरगुती असेल तर 'असावा'. आधार असून खोडण्याची सोय कायद्याने ठेवली असेल तर 'गृहीत धरणे'. अधिकारच नसेल तर 'आगाऊपणा'. कोशात 'प्रिझ्यूम'पुढे हे पर्याय एका ओळीत, स्वल्पविरामांनी जोडलेले सापडतील. त्यांतला कोणता घ्यायचा हे वाक्यातली माणसे एकमेकांशी कोणत्या नात्याने बोलत आहेत ते पाहूनच ठरवावे लागेल.