धून पाठ आहे, पण तिची बांधणी?



संचलनाचा सराव सुरू झाला की बँडमधले कोणीतरी दर वर्षी विचारतेच, ‘सर, ट्यून नेमकी कुठे संपते?’ हा प्रश्न मला फार आवडतो, कारण शाळेत असताना मी तो कधी विचारला नाही. माझ्याकडे साइड ड्रम होता आणि धून तोंडपाठ होती. ध्वजवंदनाच्या दिवशी सगळा बँड एका ठोक्यावर थांबला. माझा ड्रम मात्र आणखी चार ठोके वाजला. तुकडी सावधानमध्ये, पाहुणे उभे, आणि त्या शांततेत माझे ते चार ठोके! चूक हाताची नव्हती. इतर थांबले की आपण थांबायचे, एवढाच माझा हिशेब होता. धून बांधली कशी आहे, हे मला माहीतच नव्हते.

गाणे असो की मार्च, त्यात एक घर असते. सूर तिथून बाहेर पडतात, फिरून येतात आणि परत त्याच घरात शिरतात. एखादा माणूस तेच तेच बोलू लागला की आपण म्हणतो, ‘झाले याचे पालुपद सुरू!’ हा शब्द गाण्यातूनच आला आहे. भजनात अभंगाची जी ओळ टाळकरी पुन्हा पुन्हा धरतात, तिला ध्रुपद किंवा ध्रुवपद म्हणतात. ध्रुव म्हणजे न हलणारा. बाकीची कडवी बदलतात, ही ओळ बदलत नाही. सिनेमाच्या गाण्यात तुम्ही ज्याला मुखडा म्हणता, त्याचे कामही हेच.

रागसंगीतातल्या बंदिशीचे मुख्य भाग दोन. पहिला स्थायी, तो बहुधा खालच्या आणि मधल्या सुरांत फिरतो. दुसरा अंतरा, तो वर चढून तार षड्जाला भिडतो आणि उतरून पुन्हा स्थायीला येऊन मिळतो. जुन्या ध्रुपद गायकीत यांच्या पुढे संचारी आणि आभोग असे आणखी दोन भाग असत. पंडित विष्णु नारायण भातखंडे (1860–1936) यांनी गावोगावच्या गवयांकडून बंदिशी मिळवल्या आणि स्वरलिपीत लिहून ‘क्रमिक पुस्तक मालिके’त छापल्या. आपल्यापासून फार दूर नसलेल्या खैरागढला 1956 पासून संगीताचे विद्यापीठ आहे. तिथला विद्यार्थी असो की पुण्या-मुंबईचा, ती पाने दोघांनाही वाचता येतात. त्यात समेखाली फुलीची खूण असते आणि खालीखाली शून्य.

तीनतालाच्या 16 मात्रा. पहिलीवर सम, पाचवी आणि तेरावीवर टाळी, नववीवर खाली. पुष्कळशा बंदिशींचा मुखडा नवव्या मात्रेपासून उठतो आणि समेवर येऊन टेकतो. गवई मध्ये कितीही ताना घेवो, त्याला नववी मात्रा चुकवून चालत नाही. श्रोते मान डोलावतात तेही बहुधा समेवरच. आता हेच कवायतीला लावून पाहा. डावा पाय एकवर पडला, तर नवावरही डावाच पडतो. तेज चालीत मिनिटाला साधारण 120 पावले धरली, तर तीनतालाचे एक आवर्तन 8 सेकंदांत चालून होते.

गोष्ट सांगणाऱ्या गाण्यांची बांधणी थोडी वेगळी असते, आणि तिचा उत्तम नमुना आपल्या रिसालीच्या शेजारीच आहे. भिलाईजवळच्या गनियारीच्या तीजनबाईंची पंडवानी तुमच्यापैकी काहींनी निदान पडद्यावर पाहिली असेल. त्यांना 2019 मध्ये पद्मविभूषण मिळाले. बसून गायची ती वेदमती शैली. तीजनबाईंची कापालिक, म्हणजे उभ्याने, अभिनयासह. हातातला तंबुरा क्षणात भीमाची गदा होतो, क्षणात अर्जुनाचे धनुष्य. पण आज त्या अभिनयापेक्षा शेजारी बसलेल्या रागीकडे लक्ष द्या. गायिका प्रसंग गाते, थांबून बोलते, रागी हुंकार देतो, प्रश्न विचारतो, आणि मग सगळे मिळून टेक उचलतात. महाभारत कितीही लांबो, ऐकणारा हरवत नाही. दर थोड्या वेळाने तो घरी येऊन जातो.

मराठी घरातल्या मुलांना हे ऐकून पोवाडा आठवायला हवा. शाहीर पुढे, मागे झीलकरी. डफ, तुणतुणे, झांज. शाहिराने चौक गायचा, मध्ये गद्यात प्रसंग सांगायचा, आणि झीलकऱ्यांनी ‘जी जी’ची झील धरायची. अफझलखानाच्या वधाचा अज्ञानदासाचा पोवाडा आणि सिंहगडाचा तुळशीदासाचा पोवाडा, दोन्ही शिवकाळातले. गडावरची लढाई ऐकताना श्वास रोखला जातो, तो झील आली की सुटतो. झीलकऱ्यांना काय काम, नुसते ‘जी जी’ तर म्हणायचे, असे मानणाऱ्याने एकदा झीलकऱ्यांशिवाय पोवाडा गाऊन पाहावा.

आता आपला मार्च. सुरुवातीला चार-आठ मापांची छोटी प्रस्तावना; ती पाय उचलायला तयार करते. मग पहिला भाग, बँडवाले त्याला स्ट्रेन म्हणतात. तो बहुधा 16 मापांचा असतो आणि दोनदा वाजतो. मग दुसरा स्ट्रेन, तोही दोनदा. त्यानंतर ट्रायो. इथे सूरपट्टी बदलते आणि आवाज बहुधा मऊ होतो. जुन्या काळी हा मधला भाग तीनच वाद्ये वाजवत, म्हणून हे नाव पडले. आता सगळे वाजवतात तरी नाव राहिलेच. काही मार्च ट्रायोतच संपतात, काही पुन्हा पहिल्या भागाकडे वळतात. माझा गोंधळ नेमका तिथेच झाला होता. धून परत वळणार असे मी धरून चाललो होतो, आणि ती तिथेच संपली.

एका मापाला दोन पावले. म्हणजे 16 मापांच्या स्ट्रेनला 32 पावले, तीनतालाची बरोबर दोन आवर्तने. 120 च्या गतीने 16 सेकंद, दोनदा वाजला की 32. हे गणित अंगात भिनले की ड्रम मेजरचा दंड वर जाण्याआधीच तुम्हाला कळते की वळण येते आहे.

राष्ट्रगीताचीही बांधणी एकदा लक्ष देऊन ऐका. पूर्ण राष्ट्रगीताला सुमारे 52 सेकंद लागतात. काही प्रसंगी संक्षिप्त रूप वाजते, सुमारे 20 सेकंदांचे. त्यात फक्त पहिली आणि शेवटची ओळ असते. मधले सगळे गाळूनही ते तुटके वाटत नाही. का वाटत नसावे, ते तुम्हीच शोधा. मला उत्तर वर्गात सांगा.

येत्या शनिवारच्या सरावाला साइड ड्रमवाल्यांनी काठ्या आणू नयेत. फाटकापासून ध्वजस्तंभापर्यंत मी धून लावीन, तुम्ही नुसते चालायचे. पहिला स्ट्रेन परत सुरू झाला की उजवा हात वर, ट्रायो आला की डावा, आणि धून संपायच्या चार पावले आधी ज्याला कळेल त्याने मोठ्याने ‘चार’ म्हणायचे.