दातांचे चक्र

कोकण-गोव्याच्या वाचकांना मुशी किंवा मोरी म्हणजे काय हे सांगावयास नको. या माशाच्या अंगात खरे हाड नाही. सारा सांगाडा मऊ कूर्चेचा. मेल्यावर तो कुजून जातो आणि खडकात बहुधा दात तेवढे राहतात. नुसत्या दातांवरून प्राणी ओळखणे किती बिकट, हे मुशीसारख्याच ‘हेलिकोप्रिऑन’ या लुप्त मत्स्याच्या हकीकतीवरून कळते.

सुमारे २९ ते २७ कोटी वर्षांपूर्वी हा समुद्रात वावरत होता. उरल प्रदेशात सापडलेल्या त्याच्या अवशेषाचे वर्णन रशियन भूवैज्ञानिक अलेक्झांडर कार्पिन्स्की यांनी १८९९ साली प्रसिद्ध केले. हाती काय होते? चकलीसारखे एक वेटोळे आणि त्याच्या बाहेरच्या कडेने दातच दात! नावाचा ग्रीक अर्थही ‘वेटोळी करवत’ असाच आहे. देवघरातील शाळिग्रामाचे चक्र हे अमोनाइट नामक जीवाचे कवच असते. दुरून पाहता हेही तसेच वाटावे.

पण हे चक्र बसवायचे कोठे? कार्पिन्स्कींनी ते नाकाडावर, सोंडेसारखे वर वळलेले कल्पिले. कोणी पाठीच्या परावर लावले, तर कोणी शेपटीवर. आज ती चित्रे पाहून हसू येते. पण जबडाच सापडला नव्हता, तेव्हा त्या विद्वानांना हसणे न्यायाचे नव्हे.

उलगडा अमेरिकेतील आयडाहो प्रांतात १९५० साली सापडलेल्या एका दगडाने केला. त्यात जबड्याची कूर्चाही टिकली होती. डेन्मार्कचे बेंडिक्स-आल्मग्रीन यांनी १९६६ साली त्याचे वर्णन केले. पुढे लीफ टापानिला व त्यांच्या सहकाऱ्यांनी, रुग्णालयात आपण ज्याला सीटी स्कॅन म्हणतो त्याच रीतीने, दगड न फोडता आत पाहिले व २०१३ साली निष्कर्ष मांडला: चक्र खालच्या जबड्याच्या मधोमध उभे असून त्याने जबड्याची सारी लांबी व्यापली होती. वरच्या जबड्यात दात नव्हतेच. तोंड मिटताना खालचे दात मागे सरकत आणि माकुलासारखे मऊ भक्ष्य कापले जाई. दात फारसे झिजलेले आढळत नाहीत, त्याचे कारण बहुधा हेच.

मुशीचे जुने दात गळून नवे येतात. याने मात्र एकही टाकला नाही. बालपणीचे इवले दात वेटोळ्याच्या गाभ्यात आणि अगदी अलीकडचे, मोठे, बाहेरच्या फेऱ्यात. त्या एका दगडात असे ११७ दात आहेत. आणखी एक नवल म्हणजे, जबड्याच्या रचनेवरून याचे जवळचे नाते मुशीशी नसून खोल समुद्रातील कायमेरा माशांशी ठरले. धड, पर व शेपटी अजून कोणत्याही खडकात मिळालेली नाहीत; पुस्तकांतील चित्रांत ती दिसतात, ती नातलगांवरून बांधलेल्या अंदाजाने.