'नेक्स्ट' म्हणू नकोस, तारीख सांग

वरच्या दोन खोल्या आता तू सांभाळणार आहेस, तेव्हा चादरी, गीझर आणि पाण्याचे कॅन यांच्याही आधी एक गोष्ट कानावर घालते. म्हैसूरच्या या गोकुलममध्ये परदेशी पाहुण्यांशी वाद होतो तो पैशांवरून कमी आणि वारावरून जास्त. एक जण बॅगा घेऊन दारात उभा राहतो, म्हणतो, तुम्हीच नेक्स्ट फ्रायडे म्हणालात. आणि त्याला द्यायच्या खोलीत आधीचा पाहुणा अजून झोपलेला असतो. दोघंही खरं बोलत असतात. त्यामुळे रागवायचं कुणावर, तेच कळत नाही.

म्हणून पहिलं सांगणं हे, की 'नेक्स्ट' हा शब्द वारासमोर लावूच नकोस. समजा आज सोमवार आहे, 6 जुलै. 'धिस फ्रायडे' म्हटलं तर सगळ्यांना 10 तारीख कळते, तिथे घोळ नाही. 'नेक्स्ट फ्रायडे' म्हटलं की बरेचसे 17 तारीख धरतात, पण आजनंतर पहिला येणारा शुक्रवार तोच नेक्स्ट, असं मानून 10 तारखेला येणारेही असतात. गुरुवारी हेच बोललीस तर 'उद्या' असा अर्थ सहसा कुणी घेणार नाही. शनिवारी बोललीस तर बहुतेक जण सहा दिवसांनी येणारा शुक्रवार धरतील. म्हणजे शब्द तोच राहतो आणि तू कोणत्या वारी बोलतेस त्यावर तारीख सरकते. आपल्या 'पुढच्या शुक्रवारी'चंही असंच आहे गं, पण घरात आपण लगेच 'म्हणजे येत्या की त्याच्या पुढच्या?' असं विचारतो. पाहुणा विचारत नाही. त्याला वाटतं, आपल्याला कळलं.

सगळ्यात अवघड रविवार. आपल्या कालनिर्णयात रविवार वर असतो आणि आठवडा तिथून खाली उतरतो. अमेरिकेतल्या कॅलेंडरांतही रविवार पहिला. युरोपात मात्र बहुतेक ठिकाणी आठवडा सोमवारी सुरू होतो, तारखा लिहिण्याचं आंतरराष्ट्रीय मानकही सोमवारच पहिला धरतं. ब्राझीलची मंडळी सोमवारला जे नाव देतात त्याचा अर्थ 'दुसरा', आणि रशियनांच्या मंगळवारच्या नावातही 'दुसरा'च आहे. आता रविवारी संध्याकाळी गच्चीवर कपडे वाळत घालताना तू 'धिस वीक' म्हणालीस, तर अमेरिकन मुलीला तो आठवडा सुरू झालेला वाटेल आणि जर्मन मुलाला काही तासांत संपणारा. रविवारी तर तारखेशिवाय बोलूच नकोस.

हे इतकं बारीक सांगते, कारण आपल्या या भागात जगातले लोक येतात ते फिरायला म्हणून नव्हे, योग शिकायला. अष्टांग योगाचे गुरू पट्टाभि जोइस यांनी 1948 मध्ये म्हैसूरच्याच लक्ष्मीपुरममध्ये संस्था काढली आणि 2002 मध्ये ते शाळा घेऊन गोकुलमला आले. तेव्हापासून इथल्या घरमालकांचं वेळापत्रकही त्या सरावाच्या तालावर चालतं. परंपरेनं शनिवारी सुट्टी, अमावास्येला आणि पौर्णिमेला सुट्टी, बाकी दिवशी पहाटे उठायचं. खोली बदलायला, बाजारात जायला शनिवारच सोयीचा. त्यामुळे 'आय विल मूव्ह ऑन सॅटरडे' हे वाक्य तुझ्या कानावर सतत पडेल. तेव्हा शांतपणे विचार, 'सॅटरडे द इलेव्हन्थ?' एवढ्यानं काम होतं.

तारीख सांगतानाही महिन्याचं नाव घे. 10/7 असं लिहिलंस तर आपल्याला 10 जुलै दिसतो आणि अमेरिकन माणसाला 7 ऑक्टोबर. वार, तारीख आणि अक्षरांत महिना अशी तिन्ही लिही. वार आणि तारीख जुळत नसतील तर समोरच्याला तिथल्या तिथे दिसतं, ही त्यातली खरी सोय आहे.

इंग्रज, आयरिश किंवा ऑस्ट्रेलियन पाहुणा 'फ्रायडे वीक' म्हणेल. म्हणजे येत्या शुक्रवारनंतरचा शुक्रवार. ऐकून समजून घे, पण स्वतः वापरू नकोस, अमेरिकनांना ते कळत नाही. 'धिस कमिंग फ्रायडे' मात्र बिनधास्त वापर, ते सगळ्यांना समजतं.

आपल्या मराठी बोलण्यातली एक सवय इंग्रजीत नेऊ नकोस. आपण शुक्रवारी 'आठ दिवसांनी या' म्हणतो तेव्हा मनात पुढचा शुक्रवारच असतो. इंग्रजीत 'आफ्टर एट डेज' म्हटलंस तर माणूस शनिवार मोजेल. 'पंधरा दिवस' म्हणजे आपले दोन आठवडे, पण 'फिफ्टीन डेज'चं भाडं तो पंधरा रात्रींचं समजेल आणि त्याचं बरोबर असेल. फ्रेंच लोक त्यांच्या भाषेत आपल्यासारखेच दोन आठवड्यांना पंधरा दिवस म्हणतात, तेव्हा दोघांनी मिळून गोंधळ वाढवू नका. 'वन वीक', 'टू वीक्स' म्हण, आणि भाड्यासाठी नेहमी रात्री मोज.

'टिल फ्रायडे'ही फसवं आहे. शुक्रवारची रात्र त्यात धरायची की नाही? माझी पद्धत अशी, की शेवटची रात्र गुरुवारची, खोली शुक्रवारी सकाळी अकराला रिकामी. दोन्ही वाक्यं सांगायची. मीटिंग किंवा दुरुस्तीचा दिवस बदलला तर 'मूव्हड फॉरवर्ड' म्हणू नकोस. बुधवार दोन दिवस 'फॉरवर्ड' सरकवला तर तो सोमवार होतो की शुक्रवार, यावर इंग्रजी मातृभाषा असलेल्यांचंच एकमत होत नाही, मानसशास्त्रज्ञांनी ते तपासूनही पाहिलं आहे. नवा दिवस काय तो सांगायचा.

आता मध्यरात्रीचं. आपला वार सूर्योदयाला बदलतो, तिकिटावरचा रात्री बाराला. शनिवारी 11 जुलैला रात्री साडेबाराचं विमान म्हणजे आपल्या हिशेबानं शुक्रवारची रात्र. बंगळूरच्या देवनहळ्ळी विमानतळाला इथून चार-पाच तास धर, तिथे तीन तास आधी पोचायचं धर, म्हणजे शुक्रवारी दुपारी चारला गाडी दारात हवी. ड्रायव्हरला कन्नडमध्ये सांगताना 'नाळे' उद्या आणि 'नाडिद्दु' परवा, हे दोन शब्द पक्के ठेव. तरीही 'शुक्रवार, हत्तु' अशी तारीख जोड. कन्नडचं 'नाडिद्दु' फक्त पुढचा दिवस दाखवतं, आपलं 'परवा' मागे आणि पुढे दोन्हीकडे जातं, म्हणून घरच्या फोनवरही मी हल्ली तारीखच सांगते.

आषाढात आणखी जप. आषाढी शुक्रवारी चामुंडीच्या डोंगरावर प्रचंड गर्दी असते, खासगी गाड्या वर सोडत नाहीत. पाहुण्याला 'नॉट नेक्स्ट फ्रायडे' म्हणून भागत नाही. आषाढातल्या चारही, कधी पाचही शुक्रवारांच्या तारखा लिहून दे.

परदेशी पाहुणा आला की 24 तासांत त्याची नोंद ऑनलाइन करायची असते, तो घरमालकाचा कायदेशीर भार आहे. रात्री दोनला पोचला तर तारीख घड्याळाची, आपल्या झोपेची नव्हे.

आणि खोली ठरली की त्याच संध्याकाळी मेसेज पाठव. येण्याचा वार आणि तारीख, निघण्याचा वार आणि तारीख, एकूण रात्री, पोचण्याची वेळ. 'प्लीज रिपीट द डेट्स' असं खाली लिही. 'ओके' आलं तर पुन्हा विचार, 'ओके'मध्ये तारीख नसते. त्याच्या हातानं लिहिलेल्या तारखा आल्याशिवाय ॲडव्हान्स घेऊ नकोस.