भूकंपाची नोंद आणि शेतकऱ्याचे साहाय्य

भूकंपाचा विषय निघाला म्हणजे आपल्या इकडील शेतकरी प्रथम हेच विचारतो की, पुढचा धक्का केव्हा बसणार? या प्रश्नास शास्त्रापाशी आजही उत्तर नाही. आणि जो कोणी दिवस-वार नेमून सांगेल त्याचे खरे मानू नये. परंतु धक्का कोठे उगम पावला, किती खोलीवर, आणि कोणत्या घरास तो कसा लागला, एवढे मात्र शोधून काढता येते. त्या शोधात बेटेगावसारख्या गावच्या साध्या माणसाचा उपयोग, वाटतो त्याहून पुष्कळ अधिक आहे.

आपल्या पालघर जिल्ह्यात 2018 च्या नोव्हेंबरापासून डहाणू तालुक्यातील धुंदलवाडीच्या आसपास व तलासरीकडे हादऱ्यांचे सत्र सुरू झाले. ता. 1 फेब्रुवारी 2019 रोजी एकाच दिवसात अनेक धक्के बसले. त्यांतील मोठ्याचे मान चारावर गेले. हळदपाडा येथे घराबाहेर धावताना पडून दोन वर्षांची एक बालिका दगावली. लोकांनी ऐन थंडीच्या रात्री अंगणात व तंबूंत काढल्या. सामान्यतः एक मोठा भूकंप होतो आणि मागाहून लहान धक्के ओसरत जातात. येथे तसा एक मुख्य धक्का नव्हे, तर लहान-मध्यम धक्क्यांचा समूहच दीर्घ काळ चालला. अशा समूहात एकेक धक्का क्षुल्लक असला, तरी भिंतीचा सांधा दर वेळी थोडा थोडा सुटत जातो, हे घरधन्याने विसरू नये.

हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिक संशोधन संस्थेने व राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्राने त्या भागात भूकंपमापक यंत्रे बसविली. यंत्रे एकाहून अधिक का लागतात, ते सोप्या गणिताने समजेल. भूकंपाच्या उगमापासून दोन जातींच्या लहरी निघतात. पहिली वेगाने येते, दुसरी रेंगाळते. दोहोंच्या येण्यात जितक्या सेकंदांचे अंतर, त्यास आठाने गुणिले असता उगमाचे अंतर किलोमीटरांत ढोबळपणे मिळते. तीन सेकंदांचा फरक पडला तर उगम सुमारे चोवीस किलोमीटरांवर. पण कोणत्या दिशेस? तीन ठिकाणांहून अशी तीन वर्तुळे काढावी, ती जेथे मिळतील तेथे उगम. खोली नेमकी ठरविण्यास याहून अधिक यंत्रे, आणि तीही जवळच, लागतात. पालघरचे धक्के बहुतेक उथळ असल्यामुळे दूरच्या यंत्रांवर भागले नसते. धक्क्याबरोबर तोफेसारखा आवाज होतो असे तिकडील लोक सांगत, त्याचेही कारण हा उथळपणाच होय.

तथापि यंत्र आपल्या जागेचे बोलते. प्रत्येक पाड्यावर यंत्र नसते. ता. 12 जून 1897 रोजी आसामात महाभूकंप झाला, त्या वेळी भारतीय भूवैज्ञानिक खात्याचे रिचर्ड ओल्डहॅम यांनी ठिकठिकाणच्या लोकांकडून वृत्तांत मागवून हानीचा नकाशा सिद्ध केला. त्याच भूकंपाच्या दूरदेशीच्या यंत्रनोंदींवरून त्यांनी लहरींच्या जाती वेगळ्या ओळखल्या, आणि पुढे 1906 साली पृथ्वीच्या पोटात निराळा गाभा असल्याचे प्रतिपादिले.

बेटेगाव हे डहाणूच्या त्या पट्ट्याच्या दक्षिणेस आहे. येथील माणूस म्हणेल, 'आम्हांस काही जाणवलेच नाही, मग लिहावे काय?' तर तेच लिहावे! धक्का जाणवल्याची सीमा ही न जाणवलेल्या गावांवाचून आखता येत नाही. कोरे राहिलेले गाव आणि न हललेले गाव यांत संशोधकास भेद करता येत नाही, ही मोठी अडचण होय.

नोंद थोडक्यात असावी. वेळ मोबाइलच्या घड्याळाची, मिनिटापर्यंत. आपण त्या समयी उभे, निजलेले की चालत होतो. टांगलेला कंदील हलला की फळीवरची भांडी वाजली. तडा गेला तर कोणत्या जातीच्या भिंतीस. तडा जुना की नवा, हे कळण्यास त्याच्या टोकाशी कोळशाने खूण व तारीख करून ठेवावी. 'फार भयंकर हादरा' असे लिहून काही निष्पन्न होत नाही. ज्याच्या घरी विहीर आहे त्याने पहाटे उपसा करण्यापूर्वी दोरीने पाण्याची पातळी मोजून ठेवावी, व पर्जन्यमापक असेल तर पाऊसही.

पाण्याची ही नोंद का हवी, ते कोयनेवरून कळते. तेथील धरणात पाणी साठू लागल्यावर धक्के वाढले, आणि ता. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे मोठा भूकंप होऊन बहुत माणसे मेली. तेव्हापासून तळ्याची पातळी व धक्के यांचा संबंध तपासण्याचे काम चालू आहे. देशोदेशींच्या अभ्यासकांच्या विचारविनिमयातून गोठणे येथे सुमारे तीन किलोमीटर खोल भूछिद्र पाडण्यात आले, व कऱ्हाडास त्यासाठी प्रयोगशाळा आहे. आपल्याकडेही पावसाचे पाणी खडकाच्या भेगांत उतरून दाब वाढतो व धक्के बसतात, असा तर्क अभ्यासकांनी मांडला आहे. मात्र कोयनेचे निदान सूर्या नदीवरील धामणीच्या धरणास मोजमापावाचून लावणे उतावीळपणाचे होईल. विहिरींच्या नोंदी वर्षानुवर्षे असल्या तरच अशा वादाचा निकाल लागतो.

आता घराचे. ता. 30 सप्टेंबर 1993 रोजी किल्लारीच्या भूकंपात लातूर-उस्मानाबादकडे हजारो लोक मेले, ते मुख्यतः मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती व माथ्यावरील मातीचे जड धाबे यांखाली. आपल्या वारली बांधवांचे कारवीच्या कुडाचे, मेढींवर उभे असलेले घर हलके व लवचिक. ते डुलते, पण सहसा माणसास गाडीत नाही. त्यास गरिबीचे चिन्ह समजून कित्येक जण विटांची भिंत उभारतात आणि कोपरे न सांधता वर कौलांचा भार ठेवतात, हे मात्र घातक. विटांचेच घर बांधणे असेल तर दारा-खिडक्यांच्या माथ्यावरून चारी भिंतींस सलग फिरणारा लोखंडी सळयांचा सिमेंटी पट्टा घालावा, कोपऱ्यांत उभ्या सळया सोडाव्या. दगडी भिंतीत दोन्ही अंगांस पोहोचणारे लांब दगड मधून मधून बसवावे. जुन्या घरात निदान एवढे तरी आजच करावे: निजण्याच्या जागेवरील माळ्यावरून पाटा-वरवंटा, जाते व भाताची पोती खाली उतरवावी, आणि दाराची वाट मोकळी ठेवावी.